बाळाची ऑप्टिक नर्व्ह लहान आहे म्हणाले. आता आधी काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी साडेचार महिन्यांची आहे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तुमच्या लक्षात आलं की बुबुळं सारखी डावी-उजवीकडे हलतात आणि ती नजरेला नजर देत नाही. चिंचवडमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रॉप्स घालून पडदा पाहिला, फाइलवर 'दोन्ही डोळ्यांत ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेशिया' (म्हणजे डोळ्यामागची नस जन्मतःच लहान) असं लिहिलं आणि एमआरआय सांगितला. त्याची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. दरम्यान एका नातेवाइकाने स्टेम सेल सेंटरचा नंबर दिलाय, घरात ग्रहणाचा विषय निघतोय, आणि तुम्ही विचारताय की तिला दिसेल का आणि याच्यावर चांगला उपचार कुठे मिळेल.

शेवटी जाता जाता तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे: जन्मल्यावर साखर कमी झाली म्हणून बाळाला दोन दिवस पेटीत ठेवलं होतं, आणि कावीळ महिनाभर रेंगाळली. तुमच्या सगळ्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. मी पुण्यात लहान मुलांचे डोळे तपासते, वीसेक वर्षं झाली. बाळ माझ्यासमोर नाही, तिची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्यापुरतं नेमकं काय ते तिचे डॉक्टरच सांगतील. पण साखर, कावीळ आणि लहान नस या तीन गोष्टी एकाच बाळात दिसल्या तर मी डोळ्यांबद्दल बोलण्याआधी बालरोगतज्ज्ञांना फोन करते.

कारण असं. डोळ्यामागची नस आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी या दोन्ही गर्भात साधारण एकाच काळात, मेंदूच्या मधल्या भागाच्या आसपास घडतात. तिथली घडण बिघडली तर दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. पिट्युटरीच्या हुकमावर वाढीचं हार्मोन, थायरॉइड आणि आजारपणात शरीर सावरून धरणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन चालतात. शरीरातलं पाणी राखणारं हार्मोनही तिथूनच सुटतं. कॉर्टिसॉल आणि वाढीचं हार्मोन कमी असेल तर तान्ह्या बाळाची साखर उतरते. कॉर्टिसॉल किंवा थायरॉइड कमी असेल तर कावीळ लांबते. तुमच्या मुलीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींची वेगळी, साधी कारणंही असू शकतील. पण ते रक्त तपासून ठरवायचं, अंदाजाने नाही.

तेव्हा एमआरआयच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात लहान मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, गाठा. पुण्यात असे डॉक्टर आहेत, तुमचे बालरोगतज्ज्ञ चिठ्ठी देतील. लगेच वेळ मिळत नसेल तर तोवर बालरोगतज्ज्ञांकडूनच कॉर्टिसॉल, फ्री टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आणि टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन), साखर आणि सोडियम एवढं करून घ्या. वाढीच्या हार्मोनसाठी आयजीएफ-वन वगैरे तपासण्या ते ठरवतील. इतक्या लहान बाळात कॉर्टिसॉलचा सकाळ-संध्याकाळचा ठेका अजून बसलेला नसतो, त्यामुळे एकच आकडा कमी आला तर इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घेण्याची तपासणी करावी लागते. ते सांगितलं तर 'उगाच सुया टोचतायत' असं समजू नका.

इथे दोन ठिकाणी घोळ होताना मी पाहते. पहिला थायरॉइडचा. 'जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं होतं, थायरॉइड नॉर्मल आहे' असं पालक खात्रीने सांगतात. ती चाचणी बहुतेक ठिकाणी फक्त टीएसएच बघते. खुद्द पिट्युटरीच कमी काम करत असेल तर टीएसएच वाढतच नाही, आणि रिपोर्ट साळसूदपणे नॉर्मल येतो. म्हणून सोबत फ्री टी-फोर हवंच. दुसरा घोळ क्रमाचा. थायरॉइड कमी निघालं म्हणून घाईने गोळी सुरू केली आणि कॉर्टिसॉलही कमी आहे हे तपासलंच नाही, तर गोळीनेच बाळ अत्यवस्थ होऊ शकतं. आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉइड.

एमआरआयच्या आधी रक्त तपासा असं म्हणण्यामागेही हेच आहे. साडेचार महिन्यांचं बाळ मशीनमध्ये स्वस्थ पडून राहत नाही, त्याला भूल किंवा झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि त्यासाठी काही तास उपाशी ठेवावं लागतं. कॉर्टिसॉल कमी असलेल्या बाळाला उपाशी ठेवून भूल देणं म्हणजे आपणच संकट ओढवून घेणं. भूलतज्ज्ञांना साखरेचा इतिहास स्वतःहून सांगा. फाइल जाड असली की अशी ओळ आत कुठेतरी दबून जाते. एमआरआयच्या चिठ्ठीवर मेंदूसोबत 'ऑर्बिट (डोळ्यांच्या खोबणी) आणि पिट्युटरी' असं लिहिलंय का तेही बघा. नसेल तर लिहून घ्या, नाहीतर पुन्हा भूल द्यायची वेळ येते.

निदान पक्कं होईपर्यंत ताप हलक्यात घेऊ नका. एरवी ताप आला की आपण सिरप देऊन रात्रभर वाट बघतो. या बाळाच्या बाबतीत ताप किंवा उलट्या आणि त्यासोबत मलूलपणा, दूध न ओढणं, घाम सुटणं, अंग गार पडणं किंवा झटका यातलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सीत न्या आणि दारातच सांगा, 'ऑप्टिक नर्व्ह लहान आहे, पिट्युटरीची शंका आहे, साखर बघा.' कॉर्टिसॉलची कमतरता निघाली तर डॉक्टर रोजची गोळी देतील आणि तापात, उलटीत ती किती वाढवायची ते कागदावर लिहून देतील. त्या कागदाचा फोटो तुमच्या, बाबांच्या आणि आजीच्या फोनमध्ये असू द्या. लस चुकवायची नाही, पण लसीनंतर ताप येतो हे धरून आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. डायपर सारखे पाण्याने भरल्यासारखे जड होत असतील, बाळाची तहान भागत नसेल, तर तेही सांगा.

समजा सगळं नॉर्मल आलं. उत्तम. तरी विषय संपत नाही, कारण काही मुलांत हार्मोन नंतर कमी पडायला लागतात. दर काही महिन्यांनी उंची-वजन मोजून तक्त्यावर मांडत राहायचं, रेष खाली झुकायला लागली की पुन्हा रक्त. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'सेप्टम पेलुसिडम (मेंदूच्या मध्यभागातला पातळ पडदा) दिसत नाही' असं आलं तर इंटरनेटवर तुम्हाला 'सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेशिया' आणि 'डी मॉर्सियर सिंड्रोम' ही नावं सापडतील. १९५६ मध्ये डी मॉर्सियर यांनी हा पडदा नसणं आणि लहान नस या दोन गोष्टींची सांगड घातली म्हणून ते नाव. मेंदूतला तो पडदा नसणं हे एकट्याने बाळाची बुद्धी किंवा वाढ कशी होईल हे ठरवत नाही. रिपोर्टमध्ये पिट्युटरीबद्दल आणि मेंदूच्या इतर भागांबद्दल काय लिहिलंय ते जास्त महत्त्वाचं. आणि उलटही खरं: एमआरआयमध्ये पिट्युटरी छान दिसली म्हणून हार्मोन ठीकच असतील असं नाही.

आता डोळ्यांकडे वळू. ऑप्टिक नर्व्ह म्हणजे डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या बारीक तंतूंचा जुडगा. गर्भाच्या सोळाव्या-सतराव्या आठवड्यात त्यात सुमारे ३७ लाख तंतू असतात, मग नको असलेले झडतात आणि जन्मापर्यंत ११-१२ लाख उरतात. हायपोप्लेशियामध्ये जन्मतःच ते कमी असतात. नस वाळत चालली आहे असा याचा अर्थ नाही. झालं ते जन्माआधी झालं, ते पुढे वाढत नाही. 'अजून किती खराब होणार?' याचं उत्तर म्हणून सोपं आहे: नस आहे तशीच राहील. आणि नजर पुढे खरंच कमी झाल्यासारखी वाटली, तर ती हायपोप्लेशियाच्या खात्यावर टाकायची नाही, पुन्हा तपासायची.

का झालं? बहुतेक मुलांत कारण सापडत नाही. पहिलटकरीण आणि कमी वयाच्या आयांच्या बाळांत हे थोडं जास्त दिसतं, एवढं अभ्यासांत आढळलंय, पण तो निव्वळ संबंध आहे, त्यामागचं कारण कळलेलं नाही. जनुकातला दोष थोड्याच मुलांत मिळतो. ग्रहणात भाजी चिरली, मोबाइल जास्त बघितला, पपई खाल्ली यातलं काहीही याला कारणीभूत नाही. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेपेक्षा डॉक्टरांचं बरं ऐकलं जातं, हा माझा अनुभव.

तिला दिसेल का? खरं उत्तर असं की पडद्याकडे पाहून किती दिसेल ते सांगता येत नाही. चकतीसारखा जो भाग आम्हाला आत दिसतो, तो दोन मुलांत सारखाच छोटा असतो. एक मूल पुढे चष्मा लावून वहीत वाचतं, दुसऱ्याला फक्त उजेड आणि हालचाल कळते. नजरेच्या मध्यभागाचे तंतू किती शाबूत आहेत यावर ते ठरतं, आणि ते तंतू आम्हाला मोजता येत नाहीत. व्हीईपी नावाची, डोळ्यांचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचतात का ते बघणारी तपासणी या वयात सपाट आली म्हणून 'अंध' असा शिक्का मारणं मला पटत नाही. मी स्वतः बाळाला आईच्या मांडीवर ठेवते, खोलीतला उजेड कमी करते, आवाज न करता काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फलक एका बाजूला धरते आणि थांबते. चांगली दहा-पंधरा सेकंद. घाई केली तर ही मुलं 'बघत नाहीत', थांबलं तर बघतात. मग पट्ट्या बारीक करत जायचं. सहा महिन्यांनी हेच पुन्हा करायचं आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे.

बऱ्याच मुलांची नजर पहिल्या तीन-चार वर्षांत सुधारते. नस वाढते म्हणून नव्हे, मेंदू मिळेल तेवढ्या माहितीतून बघायला शिकतो म्हणून. बुबुळांचं हलणंही वयाबरोबर बरंच कमी होतं. निदानाबद्दल काही शंका असेल, पडदा नीट दिसला नसेल, तर ईआरजी (पडद्याचा विद्युत प्रतिसाद मोजणारी तपासणी) करून पडद्याचा आजार नाही ना ते बघतात. तो निर्णय डॉक्टरांवर सोडा.

स्टेम सेलबद्दल मी स्पष्टच लिहिते: जाऊ नका. डोळ्यापासून मेंदूपर्यंत नेमक्या ठिकाणी लाखो तंतू नव्याने जोडून देणारं काहीही आज कुणाकडे नाही. परदेशात जाऊन हे इंजेक्शन घेतलेल्या हायपोप्लेशियाच्या मुलांची आणि न घेतलेल्या मुलांची तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, नजरेत फरक आढळला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर संशोधनात करता येतो, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी पॅकेजचा आकडा सांगितला की तिथेच समजून घ्या. आधी सांगितल्याप्रमाणे बऱ्याच मुलांची नजर या वयात आपोआप थोडी सुधारते, त्याचं श्रेय अशी सेंटर घेतात आणि पालकांनाही ते खरं वाटतं. त्या पैशांत चार वर्षं चांगली थेरपी होते.

चांगला उपचार तो हाच. चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा, सहा महिन्यांच्या बाळालाही बसतो. तिरळेपणा आला तर त्याची शस्त्रक्रिया नंतर, सावकाश. नजर स्थिर व्हावी म्हणून मूल मान एका बाजूला वळवून बघायला लागेल, तेव्हा 'सरळ बघ' म्हणत मान फिरवू नका. तिची बुबुळं त्या कोनात कमी हलतात, म्हणून ती तशी बघते. थोडा उजेडही काही मुलांना खुपतो, उन्हात टोपी घाला.

घरी करायचं ते आजपासून करा, कुठल्या रिपोर्टसाठी थांबू नका. बाळाखालची फुलाफुलांची गोधडी काढा, एकरंगी गडद चादर घाला. त्यावर एका वेळी एकच वस्तू. स्टीलची चकचकीत वाटी काळ्या कापडावर ठेवून खिडकीच्या उजेडात हळूच हलवा, लाल किंवा पिवळा चेंडू चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा. तुम्ही ठसठशीत मोठी टिकली लावा आणि चेहऱ्यावर उजेड पडेल अशा बसा, खिडकी तुमच्या पाठीमागे नको. उचलण्याआधी नावाने हाक मारा, नाहीतर ती दचकते. तिने बघितलं की लगेच बोलू नका, काही क्षण बघू द्या. आवाज आला की यातली पुष्कळ मुलं बघणं सोडून ऐकायला लागतात. आणि फोनचा टॉर्च डोळ्यांत मारून 'बघते का' हे दिवसातून दहादा तपासणं बंद करा. घरोघरी ते चालतं आणि त्यातून काहीच कळत नाही. हातांना वेगवेगळ्या पोतांच्या वस्तू द्या, पालथं झोपवून खेळवा. ज्या बाळाला समोरचं खुणावत नाही ते मान उचलायचा आळस करतं, आणि मग सगळेच टप्पे मागे पडतात.

हे नीट शिकवणारे थेरपिस्ट हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, औंधच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. महंमदवाडीच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात लहान मुलांचा विभाग आहे. चिंचवडहून ते लांब पडतं, पण डोळ्यांच्या तपासणीसाठी काही महिन्यांतून एकदा जायला हरकत नाही. रोजची थेरपी मात्र घराजवळच घ्या. शहराच्या दुसऱ्या टोकाची थेरपी पावसाळ्यात बंद पडते.

दोन गोष्टी फक्त लक्षात असू द्या, आज काळजी नको. दोन्ही डोळ्यांत हायपोप्लेशिया असलेल्या मुलांत झोपेचं चक्र बिघडणं आणि ऑटिझमची लक्षणं इतर मुलांपेक्षा जास्त दिसतात. रात्र-रात्र जागत असेल तर 'सवय' म्हणून सोडून देऊ नका, त्यावर औषध आहे. बोलणं, खेळणं, चव आणि स्पर्शाचा तिटकारा याकडे दीड-दोन वर्षांच्या सुमारास विकासतज्ज्ञांकडून एकदा नीट बघून घ्या.

कागदपत्रांचं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० (६० मीटरवरून दिसायला हवं ते ३ मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी असेल तर अंधत्व आणि त्याच्या वर ६/१८ पर्यंत अल्पदृष्टी धरतात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वावर बहुतेक सवलती मिळतात. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरून ससून किंवा औंधला तपासणी होते. बाळ लहान असल्याने आधी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळू शकतं, तेही काढून ठेवा.

शाळेचा विचार तीन वर्षांनी करा. पुणे अंधशाळा १९३४ पासून आहे आणि ब्रेल लागणाऱ्या मुलाला तिथे जे मिळतं ते साध्या शाळेत मिळत नाही. पण माझ्याकडची अल्पदृष्टीची बरीच मुलं साध्या शाळेत पहिल्या बाकावर बसून शिकतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, टॅबवर उघडून अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. एका आईने फळ्यावरचं वाचता यावं म्हणून बाईंना रोज फळ्याचा फोटो काढू देण्याची विनंती केली, बाई तयार झाल्या आणि मुलाचं गणित सुधारलं. कुठली शाळा हे नजर किती, हात किती चालतात आणि बाई कशा आहेत यावर ठरेल.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या बाळाला एकाच डोळ्यात हा दोष असेल, तर ते बहुधा तिरळेपणामुळे उशिरा लक्षात येतं. तिथे चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून काही महिने प्रयत्न जरूर करावा, कारण कमजोर नसेवर आळशी डोळ्याची भर पडलेली असते आणि तेवढी काढता येते. फरक पडला नाही तर पट्टी थांबवायची, मुलाचा छळ करायचा नाही. चांगल्या डोळ्याला न फुटणाऱ्या काचेचा चष्मा, नंबर नसला तरी. हार्मोनची तपासणी इथेही करायची. ज्यांच्या रिपोर्टवर 'कोलोबोमा' (डोळ्याच्या घडणीत राहिलेली फट) लिहिलंय त्यांनी बाळाचं हृदय आणि कान तपासून घ्यावेत. 'मॉर्निंग ग्लोरी' (नसेचं तोंड फुलासारखं दिसणारा जन्मजात दोष) असेल तर एमआरआयमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्याही बघाव्या लागतात. या दोन्हींत पडदा सुटण्याचा धोका असतो, म्हणून नियमित तपासणी.

तुमचा शेवटचा प्रश्न, पुढच्या बाळाला हे होईल का. घरात आणखी कुणाला नसेल आणि एमआरआयमध्ये किंवा हार्मोनमध्ये मोठे दोष नसतील तर शक्यता फारच कमी. तसे दोष निघाले तर जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या, पण त्याला घाई नाही. सोमवारी सकाळी आधी बालरोगतज्ज्ञांना फोन करा आणि साखर, कावीळ, नस हे तीन शब्द एका वाक्यात सांगा. कॉर्टिसॉल आणि फ्री टी-फोरचे आकडे आले की इथेच लिहा, बाळाचं नाव आणि केस नंबर झाकून.